सावल्यांचा वास्तुशिल्पी : फ्रिट्झ लँग

पावसाने ओला झालेला निर्मनुष्य रस्ता, खिडकीच्या पट्ट्यांतून भिंतीवर उतरलेल्या आडव्या सावल्या, हॅट कपाळावर ओढून सिगारेट शिलगावणारा एकाकी पुरुष आणि त्याला सर्वनाशाकडे घेऊन जाणारी एक सुंदर स्त्री... 'फिल्म न्वार' हा शब्द उच्चारताच चित्रपटरसिकांच्या डोळ्यांसमोर ही दृश्ये उभी राहतात. हा चित्रप्रकार अमेरिकी मानला जातो, त्याचे नाव मात्र फ्रेंच आहे. आणि त्याची मुळे शोधू लागलो की वाट बर्लिन आणि व्हिएन्ना या शहरांकडे वळते. त्या वाटेवर ज्याला टाळून पुढे जाता येत नाही, असा दिग्दर्शक म्हणजे फ्रिट्झ लँग. गुन्हा, अपराधभाव आणि नियती या तीन सूत्रांभोवती त्याने चार दशके चित्रपट रचले. त्याचे स्वतःचे आयुष्यही या सूत्रांपासून फार दूर नव्हते.

लँगचा जन्म ५ डिसेंबर १८९० रोजी व्हिएन्नात झाला. वडील अँटोन लँग बांधकाम व्यवसायातले. आई पाउला मूळची ज्यू. लँग दहा वर्षांचा असताना तिने कॅथलिक पंथ स्वीकारला. मुलगाही कॅथलिक संस्कारांतच वाढला. पाप, कबुली आणि प्रायश्चित्त या कल्पना त्याच्या मनात रुजल्या त्या इथेच. मुलाने आपला व्यवसाय पुढे चालवावा या वडिलांच्या इच्छेनुसार त्याने तांत्रिक शिक्षण घ्यायला सुरुवात केली. पण त्याचे मन चित्रकलेकडे ओढले जात होते. अखेर घर सोडून तो भटकंतीला निघाला आणि पहिल्या महायुद्धापूर्वी पॅरिसमध्ये चित्रे काढून गुजराण करू लागला. वास्तुशास्त्र हातचे सुटले, तरी नजर सुटली नाही. पुढे त्याच्या चित्रपटांतील प्रत्येक जिना, प्रत्येक कमान आणि प्रत्येक बंद दरवाजा एखाद्या नकाशावर आखल्यासारखा जागच्या जागी दिसतो, त्याचे रहस्य या घरात आहे.

१९१४ मध्ये युद्धाचा भडका उडाला आणि लँग व्हिएन्नाला परतून सैन्यात दाखल झाला. रशिया आणि रुमानियाच्या आघाड्यांवर तो लढला, जखमी झाला. रुग्णालयात पडून असताना वेळ घालवण्यासाठी त्याने चित्रपटकथा लिहायला घेतल्या. युद्ध संपता संपता एरिक पॉमर या निर्मात्याने त्याला बर्लिनला बोलावून घेतले आणि १९१९ मध्ये त्याचा पहिला चित्रपट पडद्यावर आला. तो चित्रपट आज उपलब्ध नाही.

लँग पोहोचला ते बर्लिन पराभूत देशाचे होते. नाणे रोज घसरत होते, रस्त्यांवर राजकीय टोळ्यांच्या चकमकी होत होत्या आणि रात्रीची नाट्यगृहे, मद्यगृहे ओसंडून वाहत होती. याच वातावरणात जर्मन अभिव्यक्तीवादी चित्रपट बहरला. बाह्य जग जसे आहे तसे न दाखवता भेदरलेल्या मनाला ते जसे दिसते तसे दाखवायचे, हा त्याचा दंडक. १९२० मध्ये प्रदर्शित झालेल्या रॉबर्ट वीनच्या 'द कॅबिनेट ऑफ डॉ. कॅलिगारी'मध्ये तर भिंती तिरक्या होत्या आणि सावल्या चक्क रंगवलेल्या होत्या. हा चित्रपट आधी लँगकडेच चालून आला होता. हाती असलेल्या कामामुळे त्याने तो सोडला. मात्र त्यातला धडा त्याने आत्मसात केला. सावल्या रंगवण्यापेक्षा त्या दिव्यांनी घडवायच्या, हे त्याचे वेगळेपण ठरले.

याच काळात त्याच्या आयुष्यात लेखिका थिया फॉन हार्बू आली. दोघांनी एकत्र पटकथा लिहायला सुरुवात केली. त्या वेळी लँगची पहिली पत्नी लिसा रोझेंथाल हयात होती. १९२० मध्ये बंदुकीची गोळी लागून तिचा मृत्यू झाला. पती आणि हार्बू यांच्यातील जवळीक तिला कळली होती, असे लँगचे चरित्रकार सांगतात; पण त्या दिवशी घरात नेमके काय घडले याचा उलगडा कधीच झाला नाही आणि लँगनेही त्याविषयी जाहीरपणे बोलायचे टाळले. त्यानंतरच्या त्याच्या चित्रपटांत संशय, परिस्थितीजन्य पुरावा आणि निर्दोष असूनही गुन्हेगार ठरणारा माणूस पुन्हा पुन्हा येतो. या दोहोंचा थेट संबंध जोडणे धाडसाचे ठरेल, परंतु त्याकडे दुर्लक्ष करणेही अवघड आहे.

१९२२ मध्ये लँग आणि हार्बू विवाहबद्ध झाले. पुढची दहा वर्षे ही जोडी जर्मन चित्रपटाच्या केंद्रस्थानी होती. 'डॉ. माबुझे, द गॅम्बलर'मधून त्यांनी वेषांतर आणि संमोहन यांच्या बळावर अख्खे शहर वेठीला धरणारा गुन्हेगार उभा केला. 'द निबेलुंगेन'मधून जर्मन महाकाव्य पडद्यावर आणले. आणि १० जानेवारी १९२७ रोजी बर्लिनमध्ये 'मेट्रोपोलिस' प्रदर्शित झाला. गगनचुंबी इमारतींत विलास करणारे मूठभर मालक आणि जमिनीखाली यंत्रांना जुंपलेले हजारो मजूर, असे भविष्यातले नगर त्यात होते. पन्नास लाखांहून अधिक मार्क खर्चून उभारलेल्या या चित्रपटाने 'यूएफए' या बलाढ्य कंपनीचे कंबरडे मोडले. कंपनीने त्याची निर्दयपणे काटछाट केली. कापलेला बहुतांश भाग कायमचा गेला असे समजले जात असताना २००८ मध्ये ब्यूनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ पूर्ण प्रत सापडली आणि २०१० मध्ये हा चित्रपट रसिकांना मूळ रूपाच्या जवळ जाणाऱ्या आवृत्तीत पाहायला मिळाला.

लँगच्या कारकिर्दीतील सर्वांत महत्त्वाची कलाकृती मात्र १९३१ मधील 'एम' ही आहे. लहान मुलींची हत्या करणाऱ्या एका विकृत माणसाची ही कथा. लँगचा हा पहिलाच बोलपट. पण आवाजाचा त्याने केलेला वापर आजही थक्क करतो. खुनी पीटर लॉरे प्रथम दिसतो तो सावलीच्या रूपात. त्याला पकडून देणाऱ्यास बक्षीस जाहीर करणाऱ्या भित्तिपत्रकावरच ती सावली पडते. चेंडू खेळणारी मुलगी त्याच्याबरोबर निघून जाते. पुढे हत्या दिसत नाही. दिसते ती जेवणाच्या टेबलावरची रिकामी थाळी, गवतात घरंगळत आलेला चेंडू आणि विजेच्या तारांत अडकलेला फुगा. खुनी ग्रीगची एक धून शिट्टीवर वाजवत असतो आणि अखेर एक आंधळा फुगेवाला त्या शिट्टीवरूनच त्याला ओळखतो.

पण 'एम'चे खरे सामर्थ्य या तंत्राच्या पलीकडे आहे. पोलिसांच्या धाडींनी त्रस्त झालेली शहरातली गुन्हेगारी टोळीही खुन्याच्या शोधात निघते. पोलीस अधिकाऱ्यांची बैठक आणि गुंडांची बैठक लँग आलटून पालटून दाखवतो. दोन्हीकडे तोच धूर, तीच चर्चा, तेच हातवारे. कायदा आणि गुन्हा यांच्यातली रेषा पुसट होत जाते. शेवटी गुंड त्या खुन्याला पकडून एका पडक्या कारखान्याच्या तळघरात स्वतःचे न्यायालय भरवतात. ज्याचा तिरस्कार करण्यावाचून गत्यंतर नाही असा माणूस तिथे आपल्या मनातल्या अनावर शक्तीपुढे आपण किती असहाय आहोत ते सांगू लागतो आणि प्रेक्षक अस्वस्थ होतो. जमावाला रक्त हवे आहे. मग जमाव आणि खुनी यांत फरक तो काय? जर्मनीत जमावाचे राज्य येण्यास तेव्हा दोन वर्षांचाही अवधी उरला नव्हता.

जानेवारी १९३३ मध्ये हिटलर सत्तेवर आला. मार्चच्या अखेरीस लँगच्या 'द टेस्टामेंट ऑफ डॉ. माबुझे' या चित्रपटावर बंदी आली. यानंतरची कथा लँग आयुष्यभर रंगवून सांगत असे. प्रचारमंत्री गोबेल्सने त्याला भेटीला बोलावले, जर्मन चित्रपटसृष्टीची धुरा सांभाळण्याचा प्रस्ताव दिला; घड्याळात पाहतो तो बँका बंद झालेल्या; तेव्हा हाताशी होते तेवढेच पैसे घेऊन आपण त्याच रात्री पॅरिसची गाडी पकडली, अशी ती कथा. पुढे संशोधकांनी त्याचे पारपत्र तपासले तेव्हा त्यावरील शिक्के वेगळेच बोलत होते. बंदीनंतरही तो कित्येकदा जर्मनीत ये-जा करत होता आणि जुलै १९३३ पर्यंत त्याने देश कायमचा सोडला नव्हता. गोबेल्सच्या रोजनिशीतही त्या भेटीची नोंद नाही. मात्र कथेत रंग भरले असले, तरी मूळ निर्णय खोटा ठरत नाही. आईचा ज्यू वंश त्याला नव्या राजवटीत धोक्याचा होता हे खरे. पण तिथे तडजोड करून राहिलेलेही अनेक होते. कीर्ती, संपत्ती आणि भाषा मागे टाकून बेचाळिसाव्या वर्षी लँग परागंदा झाला.

थिया फॉन हार्बू मात्र जर्मनीतच राहिली. दोघांचे संबंध आधीच दुरावले होते आणि एप्रिल १९३३ मध्ये त्यांचा घटस्फोट झाला. या दुराव्याला मराठी वाचकांना जवळचा वाटेल असा एक धागा आहे. बेळगाव परिसरातून उच्च शिक्षणासाठी बर्लिनला गेलेले तरुण पत्रकार अयी तेंडुलकर आणि हार्बू यांचे प्रेम जुळले होते. पुढे तिने आपल्यापेक्षा वयाने बरेच लहान असलेल्या तेंडुलकरांशी, वंशवादी राजवटीच्या नजरेपासून दूर, गाजावाजा न करता विवाह केला. युद्धाचे ढग दाटू लागताच तेंडुलकर भारतात परतले आणि १९४५ मध्ये गांधीवादी कार्यकर्त्या इंदुमती गुणाजी यांच्याशी विवाहबद्ध झाले. एका भारतीयावर प्रेम करणारी हीच हार्बू नाझी पक्षाची सदस्य होती आणि त्या राजवटीसाठी चित्रपट लिहीत होती, ही विसंगती आजही अभ्यासकांना कोड्यात टाकते.

योगायोग असा, की ज्या वर्षी लँगने जर्मनी सोडली, त्याच १९३३ मध्ये 'प्रभात'च्या 'सैरंध्री'च्या रंगीत प्रतींच्या कामासाठी व्ही. शांताराम जर्मनीत गेले होते. १९३४ च्या 'अमृतमंथन'मध्ये राजगुरूच्या भूमिकेतील चंद्रमोहन यांच्या डोळ्याचे पडदाभर पसरलेले दृश्य आणि मंदिरातला छायाप्रकाश पाहिला, की जर्मन शैलीची छाप मराठी चित्रपटावर कशी उमटली हे लक्षात येते.

पॅरिसमध्ये एक चित्रपट करून लँग १९३४ मध्ये अमेरिकेला पोहोचला. एमजीएम कंपनीशी करार झाला होता, तरी पहिला चित्रपट पडद्यावर यायला १९३६ उजाडले. 'फ्युरी' हा तो चित्रपट. अपहरणाच्या खोट्या संशयावरून एका साध्या तरुणाला तुरुंगात डांबले जाते आणि संतप्त जमाव तो तुरुंगच पेटवून देतो. स्पेन्सर ट्रेसीने साकारलेला हा तरुण वाचतो, पण जगासाठी मृत राहून आपल्या खुनाचा खटला आरोपींवर चालू देतो. बळी गेलेला माणूस सूडाने पेटल्यावर जमावाइतकाच क्रूर होतो, हे लँगने निःसंकोचपणे दाखवले. अमेरिकेत अशा झुंडबळींचे मोठ्या संख्येने भक्ष्य ठरत होते ते कृष्णवर्णीय. त्या काळच्या हॉलिवूडला मात्र नायक गोराच लागत होता. १९३७ च्या 'यू ओन्ली लिव्ह वन्स'मध्ये शिक्षा भोगून सुधारू पाहणाऱ्या हेन्री फोंडाच्या नायकाला समाज पुन्हा गुन्ह्याकडे ढकलतो. फिल्म न्वारची चाहूल या दोन चित्रपटांत स्पष्ट ऐकू येते.

चाळीसच्या दशकात हा प्रवाह खऱ्या अर्थाने वाहू लागला. त्यात अनेक ओहोळ येऊन मिळाले होते. डॅशिएल हॅमेट, रेमंड चँडलर, जेम्स एम. केन यांच्या रोखठोक गुन्हेकथा अमेरिकी मासिकांतून आणि स्वस्त पुस्तकांतून घरोघरी पोहोचल्या होत्या. हिटलरच्या राजवटीमुळे युरोप सोडावे लागलेले बिली वाइल्डर, रॉबर्ट सिओडमॅक यांसारखे दिग्दर्शक आणि अनेक तंत्रज्ञ हॉलिवूडमध्ये काम करत होते. युद्धामुळे नेपथ्याच्या सामानावर निर्बंध आले होते. अपुरे नेपथ्य अंधारात झाकता येत असे. मुख्य दिवा एका बाजूला ठेवायचा, सावल्या मऊ करणारा दुसरा दिवा जवळजवळ काढून टाकायचा. मग अर्धा चेहरा उजेडात आणि अर्धा काळोखात जातो. कॅमेरा खाली ठेवला की छत अंगावर येते. कथा शेवटाकडून सुरू करून भूतकाळात शिरायची, म्हणजे नायकाची सुटका नाही हे आधीच ठरलेले असते. यातले बहुतेक सारे लँगने बर्लिनमध्ये हाताळून पाहिले होते.

१९४४ मध्ये त्याने 'द वुमन इन द विंडो' केला आणि पुढच्याच वर्षी 'स्कार्लेट स्ट्रीट'. दोहोंत एडवर्ड जी. रॉबिन्सन, जोन बेनेट आणि डॅन ड्युरिया हेच त्रिकूट. 'स्कार्लेट स्ट्रीट'चा नायक वर्षानुवर्षे इमानेइतबारे नोकरी करणारा रोखपाल आहे. सुटीच्या दिवशी चित्रे काढणे हाच काय तो त्याचा विरंगुळा. एका तरुणीच्या मोहात तो कार्यालयातले पैसे चोरतो, त्याची चित्रे तिच्या नावावर विकली जातात आणि फसवणूक उघड होताच तो तिचा खून करतो. फाशीची पाळी येते तिच्या प्रियकरावर, म्हणजे त्या खुनाबाबत निर्दोष असलेल्या माणसावर. खरा खुनी मोकळा राहतो, पण कानांत घुमणारे त्या दोघांचे आवाज त्याला जगू देत नाहीत. गुन्हेगाराला कायद्याने शिक्षा झालीच पाहिजे, असा हॉलिवूडच्या आचारसंहितेचा नियम होता. लँगने तो जवळपास मोडलाच. न्यूयॉर्क राज्याच्या सेन्सॉरने जानेवारी १९४६ मध्ये चित्रपटावर बंदी घातली. नंतर किरकोळ काटछाटीवर ती उठली.

त्याच १९४६ च्या उन्हाळ्यात पॅरिसमध्ये एक वेगळीच घटना घडत होती. जर्मन ताब्याच्या काळात तिथे अमेरिकी चित्रपट येऊ शकले नव्हते. युद्धानंतर ते एकदम येऊन थडकले. 'द माल्टीज फाल्कन', 'लॉरा', 'मर्डर, माय स्वीट', 'डबल इन्डेम्निटी' आणि लँगचा 'द वुमन इन द विंडो' अवघ्या काही आठवड्यांत पाहायला मिळाल्यावर फ्रेंच समीक्षकांना त्यांतला समान काळोख जाणवला. नीनो फ्रँक या समीक्षकाने त्यासाठी 'फिल्म न्वार', म्हणजे काळा चित्रपट, हा शब्द वापरला. १९५५ मध्ये बोर्द आणि शोमतों या दोघांनी या प्रकारावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले. हे चित्रपट करणाऱ्यांना मात्र आपण 'न्वार' करत आहोत याची कल्पनाही नव्हती. लँगच्या लेखी ते गुन्हेगारी चित्रपटच होते.

अमेरिकेचे नागरिकत्व मिळवलेल्या लँगच्या मागे संशयाने तिथेही पाठ सोडली नाही. १९४३ मध्ये त्याने नाटककार बेर्टोल्ट ब्रेश्तबरोबर 'हँगमेन ऑल्सो डाय!' हा नाझीविरोधी चित्रपट केला होता. युद्धानंतर कम्युनिस्टांच्या शोधाची मोहीम सुरू झाली, तेव्हा अशा जुन्या ओळखींमुळे त्याला काही काळ कामाविना राहावे लागले. ज्याने आयुष्यभर संशयाचे बळी रंगवले, तो स्वतःच संशयित झाला. त्यातून बाहेर आल्यावर १९५३ मध्ये त्याने 'द बिग हीट' दिला. पत्नीच्या हत्येने पेटून उठलेला पोलीस अधिकारी शहरातल्या गुंडशाहीशी एकट्याने झुंजतो. पण त्या झुंजीत त्याच्यावर विश्वास ठेवणाऱ्या स्त्रियांचे बळी जात राहतात. ली मार्विनने साकारलेला गुंड आपल्या मैत्रिणीच्या तोंडावर उकळती कॉफी फेकतो, तो प्रसंग अमेरिकी प्रेक्षक विसरू शकले नाहीत. प्रत्यक्ष कृती पडद्यावर जेमतेम दिसते. कल्पना करण्याचे काम प्रेक्षकावरच सोपवलेले असते, जसे 'एम'मधल्या फुग्याने सोपवले होते.

माणूस म्हणून लँग सहकाऱ्यांना सहजी जवळचा वाटला नाही. डोळ्यावर मोनोकल लावणारा हा दिग्दर्शक सेटवर हुकूमशहासारखा वागे. नटाने कितव्या पावलावर वळायचे हेही तो ठरवून देई. 'फ्युरी'च्या वेळी जेवणाच्या सुटीवरूनही त्याचे कामगारांशी खटके उडाले होते. हुकूमशाहीपासून पळालेल्या माणसाचा हा स्वभाव त्याच्या अनेक नटांना खुपला. निर्मात्यांशीही त्याचे पटेना आणि १९५६ मधील दोन चित्रपटांनंतर त्याने हॉलिवूडचा निरोप घेतला.

परतीच्या वाटेवर त्याला भारत भेटला. १९२१ मध्ये हार्बूच्या कादंबरीवरून दोघांनी 'द इंडियन टूम्ब'ची पटकथा लिहिली होती. पण निर्माता जो मे याने तो चित्रपट लँगच्या हातून काढून स्वतः दिग्दर्शित केला होता. ते शल्य जवळजवळ चार दशके मनात राहिले. अखेर एका जर्मन निर्मात्यामुळे त्याला ती संधी मिळाली आणि उदयपूरच्या राजवाड्यांत चित्रीकरण करून त्याने १९५९ मध्ये 'द टायगर ऑफ एश्नापूर' आणि 'द इंडियन टूम्ब' हे दोन चित्रपट पूर्ण केले. त्यातला भारत हा युरोपच्या स्वप्नातला भारत आहे, हे मान्यच करायला हवे. जर्मन छायाप्रकाशाचे खरे भारतीय रूप त्याआधीच मुंबईत घडले होते. जर्मनीहून मालाडच्या 'बॉम्बे टॉकीज'मध्ये आलेले छायालेखक जोसेफ विर्शिंग यांनी १९४९ च्या 'महल'मध्ये काळोखाला जे गूढ सौंदर्य दिले, ते त्याच परंपरेतले.

१९६० मध्ये माबुझेवरचा तिसरा चित्रपट करून लँगने दिग्दर्शन थांबवले. दृष्टी अधू होत चालली होती. १९६३ मध्ये जाँ-लूक गोदारने 'कंटेम्प्ट'मध्ये त्याला पडद्यावर आणले ते लँग म्हणूनच. निर्मात्याच्या दडपणापुढे न झुकता 'ओडिसी'चे चित्रीकरण करणारा वृद्ध दिग्दर्शक त्याने त्यात रंगवला. १९६४ मध्ये कान महोत्सवाच्या परीक्षक मंडळाचे अध्यक्षपद त्याला मिळाले. ऑस्करने मात्र त्याची दखल कधीच घेतली नाही. २ ऑगस्ट १९७६ रोजी बेव्हर्ली हिल्स येथे, वयाच्या ८५ व्या वर्षी त्याचे निधन झाले.

लँगनंतर तंत्र खूप पुढे गेले. सावल्या पाडणे आता सोपे झाले आहे आणि 'न्वार' शैलीचे अनुकरण जाहिरातींपर्यंत पोहोचले आहे. पण लँगच्या सावल्या शोभेसाठी नव्हत्या. सज्जन माणूस आणि गुन्हेगार यांच्यात एका क्षणाचेच अंतर असते आणि न्याय मागणाऱ्या जमावात खुनी दडलेला असू शकतो, ही त्याची धारणा त्या सावल्यांत होती. संशयावरून माणसे ठेचून मारल्याच्या बातम्या आजही वृत्तपत्रांत येतात. अशा वेळी 'एम'मधले ते तळघर आणि 'फ्युरी'मधला तो जळता तुरुंग आवर्जून पाहावा. दोन्ही चित्रपटांतील गर्दीचे चेहरे नव्वद वर्षांनंतरही ओळखीचे वाटतात.